मांडवकरमामा आणि बावीस इंची चाकं

गंगाराममामा मांडवकर एस.टी.त नेहमी मागच्या चाकावरच्या सीटवर बसत. जिथं गुडघे हनुवटीला टेकतात आणि बाकी गाडी भरल्याशिवाय कुणी बसत नाही, तीच ती जागा. एकदा मी त्यांच्याबरोबर राजापूरला निघालो होतो. पुढं खिडकीशेजारी ऐसपैस जागा मोकळ्या होत्या, तरी त्यांनी मला नेऊन त्या चाकावर बसवलं. पाली सोडल्यावर त्यांनी डोळे मिटले. झोपले असं समजून मी मनातल्या मनात चरफडत राहिलो. लांजा यायच्या जरा आधी डोळे न उघडताच ते म्हणाले, "जोडचाकात दगड बसलाय." लांज्याला गाडी थांबली. मामा उतरले, वाकले, मागच्या दोन चाकांच्या फटीतून मुठीएवढा जांभा दगड काढून त्यांनी ड्रायव्हरच्या हातात ठेवला आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. पुढच्या वाटेत मीही कान लावून पाहिला. मला खडखडाटाखेरीज काही ऐकू आलं नाही.

रत्नागिरीच्या आगारात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं काढली, तीही सगळी टायर सेक्शनमध्ये. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नाहीतर पेपर दोनदा वाचतात. मामा मिरकरवाड्याच्या बंदरावर जात. मासे घ्यायला नव्हे. ते काम मामी करायच्या आणि मामांना त्यातलं काही कळत नाही हेही सगळ्यांना सांगायच्या. ट्रॉलर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांच्या कडेला जुने टायर टांगलेले असतात, ते बघायला मामा जात. आपण लावलेलं ठिगळ त्यांना लांबून ओळखू येई. बर्फाच्या पेट्या, जाळी आणि लिलावाची ओरड ह्यांच्या गर्दीत उभं राहून ते मला सांगत, "तो बगा, तिसऱ्या होडीचा. दोन पावसाळे देवरुखला पळलाय." जुना विद्यार्थी मोठ्या हुद्द्यावर दिसला की आम्हा मास्तरांचा चेहरा जसा होतो, तसा त्यांचा चेहरा व्हायचा.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायचो. आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या स्कूटरचा काटा खोटं सांगतो अशी माझी तक्रार होती. चाकाचा व्यास मोजून, 'पाय'च्या किमतीनं गुणून चाक एका फेऱ्यात किती जातं ते मी कागदावर काढलं होतं. मामांनी कागद बघितला, घडी करून माझ्या खिशात परत घातला आणि मला स्कूटरवर बसायला सांगितलं. टायरवर खडूची रेघ मारली. मला तसंच बसवून गाडी ढकलली. अंगणातल्या कोब्यावर खडूच्या दोन खुणा उमटल्या. त्यांच्यामधलं अंतर त्यांनी सुतळीनं मोजलं, तर ते माझ्या उत्तरापेक्षा दोन बोटं कमी भरलं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच.

"तुमच्या गणितात गाडीवर कोण बसलंच नव्हतं," मामा म्हणाले. "बसलं की चाक दबतं. आधी एक फेरा काढायचा, मग बोलायचं."

मी पंधरा वर्षं वर्तुळाचा परीघ शिकवत होतो आणि त्यावर कुणी बसेल हे एकदाही मनात आलं नव्हतं. मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी हा किस्सा सांगितला, आणि त्या दिवसापासून मामांना लागणारे खडू माझ्याकडून जाऊ लागले.

सुतळी आणि खडू, ही त्यांची सगळी हत्यारं. हवेचं मीटर होतं, पण ते खिळ्याला टांगलेलं. टायरवर कारखान्यानं जे काही छापलेलं असतं, त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ते त्यांनी त्यांच्या रस्त्यासाठी लिवलंय," असं ते म्हणत. आपल्या रस्त्याला काय लागतं ते आपला रस्ता सांगतो, ह्यावर ते हटून बसत, आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघे. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण एकदा निघालं नाही. तीच गोष्ट मला सांगायची आहे.

दीक्षा ही त्यांच्या बहिणीची मुलगी. कॉलेजसाठी ती मामांकडे राहिली होती, आणि ती 'मामा' म्हणायची म्हणून आमची सगळी आळी त्यांना मामा म्हणायला लागली. माझ्या विषयात ती काठावर पास झाली, पण यंत्राच्या बाबतीत मामांचीच भाची होती. कॉलेज संपल्यावर तीन हंगाम तिनं किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्हीवरून फिरवलं. मोटारसायकलसारखं हँडल आणि चार फुगीर चाकं असलेल्या त्या गाड्या. त्या धंदेवाल्यानं पुढं धंदा आवरला आणि दोन जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्या दीक्षानं घेतल्या. ह्या दोन्ही शर्यतीच्या जातीच्या होत्या, एकट्यानं बसायच्या. बुटक्या, हलक्या, वाळूवर सुसाट पळणाऱ्या, आणि दगड दिसला की पोट घासणाऱ्या.

तिच्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. मैलभर उघडा कातळ, आणि त्यावर कुणी कधी कोरली ते कुणालाच माहीत नाही अशी हत्तींची, माशांची, माणसांची चित्रं. किनाऱ्यावरचे पर्यटक त्यांची चौकशी करत, उन्हात घाटी चढू लागत आणि अर्ध्यातून परत फिरत. घाटी म्हणजे खालच्या वाडीतून सड्यावर जाणारी, दगडगोट्यांची उभी वाट. दीक्षाचा बेत सरळ होता. एका गाडीवर पर्यटक, पुढं वाट दाखवायला दुसऱ्या गाडीवर ती स्वतः. सड्याच्या कडेला आंब्याखाली गाड्या ठेवायच्या आणि चित्रांपर्यंत चपला काढून चालत जायचं.

पण घाटी वाडीची होती. शिमग्यात ह्याच वाटेनं देवीची पालखी सड्यावरून खाली येते. वाडीचे गावकर, म्हणजे मानाचे प्रमुख, होते दाजी; सत्तरीचे आणि बोलायला तुटक. त्यांनी सांगितलं की गाडीला आमची ना नाही. पण वाट उकरता कामा नये आणि कडेच्या गडग्याच्या भिंतीचा दगड हलता कामा नये. आमच्या डोळ्यांदेखत चढवून दाखव, मग देवीला गाऱ्हाणं घालून, तिचा आशीर्वाद मागून परवानगी देऊ.

दुसरीकडे तिचा भाऊ संदेश मुंबईला होता. त्यानं तिच्यासाठी एका दुकानात नोकरी बघून ठेवली होती. तो शिमग्याला येणार होता आणि परत जाताना तिला घेऊन जाणार होता. भाऊ वाईट नव्हता. आमच्याकडे मुलं मुंबईला जातात, आता मुलीही जातात, त्यात त्याला वावगं वाटत नव्हतं. दीक्षाला मात्र जायचं नव्हतं. तिनं मामांच्या पडवीत बसून एवढंच सांगितलं, की गाडी घाटी चढली तर मी हितं, नाहीतर दादाबरोबर. मामी आत गेल्या. मामांनी अंगणात उभ्या केलेल्या तिच्या एका गाडीच्या पोटाखाली हात घालून जमिनीपर्यंतची जागा बोटांनी मोजली.

"चाकं दोन इंच मोठी लागतील," ते म्हणाले.

चाकं पार्सलनं आली. वीस इंचांच्या जागी बावीस, अंगावर जाड गुट्ट्या, म्हणजे रबराचे उंचवटे, असलेली, खडबडीत वाटेवरच्या गाडीची चाकं. पुढच्या आठवड्यात मला पडवीत सारखी हाक येत राहिली, कारण त्यांना गाडीवर बसवायला वजनदार माणूस हवा होता. रिकाम्या गाडीत टायर आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये चार बोटं जागा दिसायची. मी बसलो की एकच बोट जागा उरायची. हँडल पूर्ण वळवलं की तीही संपायची. मामांनी टायरला खडू फासला, मला बसवून हँडल दोन्हीकडे वळवायला लावलं आणि मडगार्डच्या आत पांढरा डाग कुठं उठला ते बघून तेवढंच प्लास्टिक करवतीनं कापलं. कापताना दीक्षाचा जीव खालीवर होत होता. कापल्यावर मात्र ते असं दिसलं, की कारखान्यातूनच तसं आलंय.

मोठ्या चाकाचं दुखणं पुढं असतं. एका फेऱ्यात चाक जास्त वाट कापतं, म्हणून चढावर इंजिन धापा टाकतं. हे मी सूत्रानं सांगायला सुरुवात केली, तोवर मामांनी चेनच्या पुढच्या चक्राचे दात मोजून एक दात कमी असलेलं चक्र आणायला दीक्षाला पिटाळलं होतं. ते बसवल्यावर गाडीची पळ थोडी उतरली, पण ओढ वाढली. ह्या माणसानं आयुष्यात कधी एटीव्हीला हात लावला नव्हता. मी नुसता बघत राहिलो, आणि मला त्याचा अभिमान वाटला. शेजाऱ्याचा वाटू नये इतका वाटला.

शेवटी हवा भरायची वेळ आली. मी चष्मा वर करून टायरच्या कडेचं बारीक अक्षर वाचलं आणि म्हणालो, मामा, इथं फारच कमी हवा सांगितलीय. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. एवढा जाडजूड टायर आणि त्यात स्कूटरहून कमी हवा, हे त्यांच्या बत्तीस वर्षांत बसणारं नव्हतं. त्यांनी अंगठ्यानं दाबून, आपल्या हिशेबानं टणक केला. ज्याला आधी फेरा काढायची सवय, त्यानं त्या दिवशी फेरा काढला नाही. मीही गप्प बसलो. स्कूटरच्या वेळेला तोंडघशी पडलेला मी, पुन्हा कोण बोलणार?

शिमगा पाचसहा दिवसांवर आला होता, तेव्हा घाटीवर पहिली चाचणी झाली. घाटीच्या पायथ्याशी देवळासमोर पंधरा-वीस माणसं जमली. दीक्षानं गाडी काढली. खालचा टप्पा बरा गेला. मधल्या वळणावर गाडी दगडावरून दगडावर चेंडूसारखी उडायला लागली. चाक टेकायच्या आत पुन्हा उचलत होतं, आणि टेकलं की जागच्या जागी गरगर फिरून माती मागं फेकत होतं. वीतभर खड्डा पडला. मग गाडी घसरली, मागचं चाक गडग्यावर बसलं आणि हातभर भिंत कोसळली. दीक्षा पडली नाही. ती गाडी बंद करून तिथंच उभी राहिली आणि खाली कुणाकडेच बघेना.

कुणीतरी म्हणालं, हे पोरीबाळींचं काम नव्हे. तेव्हा मामा पुढं झाले. त्यांनी टोपी काढली.

"चूक पोरीची नाय, गाडीची पण नाय," ते म्हणाले. "हवा मी भरली. शिमग्याच्या आत गडगा माझ्या हातानं उभा करून देतो. मग एक डाव परत बगा."

दाजींनी काठी उचलली. पालखी उतरू दे, मग एकदा, असं म्हणून ते देवळात गेले.

त्या संध्याकाळी, गाडी टेम्पोतून परत आणल्यावर, मामा माझ्या दारात आले. पायरीवर उभे राहून म्हणाले, "सर, ते बारीक अक्षर जरा वाचून दाखवता काय?"

खरं सांगायचं तर ह्या वाक्याची मी कित्येक वर्षं वाट बघत होतो. स्कूटरचा सूड घ्यायला ह्याहून चांगली संधी नव्हती. पण त्यांचा चेहरा बघितला आणि चप्पल घालून निमूट त्यांच्यामागं गेलो. पडवीत बसून मी वाचलं: हवा पाच पौंड. त्यांनी विचारलं, पंचवीस नव्हे? मी म्हटलं, पाच. त्यांनी दीक्षाकडून पुन्हा वाचून घेतलं. मग आगारातलं आपलं हवेचं मीटर त्यांनी हातात घेऊन बघितलं. त्याचे आकडे दहापासून सुरू होत होते.

"म्हणजे ह्यात जवळजवळ हवाच नाय," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं त्यांना हसू आलं. दिवसभरात पहिल्यांदा.

पण आकड्यावर विसंबून ते मोकळे झाले असते तर ते मामा कसले. दीक्षाला गाडीवर बसवलं, सगळ्या गुट्ट्यांना खडू फासला आणि गाडी कोब्यावर एक फेरा ढकलली. टणक चाकाचा नुसता मधला पट्टा उमटला, दोन बोटं रुंद. म्हणजे एवढी रुंद चाकं लावून गाडी तेवढ्याशा पट्ट्यावर चालत होती. त्यांनी थोडी हवा सोडली, पुन्हा खडू, पुन्हा फेरा. पट्टा रुंदावला. असं करत करत कडेच्या गुट्टीपर्यंत सगळं चाक कोब्यावर नीट छापलं गेलं, तेव्हा ते थांबले. मग मला बसवलं, कारण पर्यटक सरांसारखेही येणार, आणि माझ्यासाठी किंचित हवा वाढवली. दीक्षानं किनाऱ्यावरच्या एका गाडीवाल्याकडून कमी हवेचं मीटर आणलं. त्यात दीक्षाच्या वजनाला जमलेल्या हवेचा काटा पाचाच्या जवळच, जरासा वर होता. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. कारखान्याला एवढा मान त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिला असावा.

गडगा त्यांनी दोन दिवसांत उभा केला. खड्डा भरून, त्यावर पाणी मारून, लाकडाच्या ठोकळ्यानं माती बसवली. मी दगड उचलायला गेलो होतो. पहिल्या तासात माझी पाठ धरली आणि मला सावलीत बसवण्यात आलं. शिमग्यात पालखी त्या वाटेनं नाचत खाली आली. मामा त्या वळणावर उभे होते. खांदेकऱ्यांचे पाय नव्या मातीवर पडले, आणि माती हलली नाही. पालखी पुढं गेल्यावरच त्यांनी हात जोडले.

दुसरी चाचणी संदेश परत जायच्या आदल्या सकाळी झाली. त्याची बॅग भरलेली होती, दीक्षाचीही. ह्या वेळी सगळी वाडी आली होती. मामा खाली थांबले नाहीत की वरही गेले नाहीत. त्याच वळणावर, त्याच गडग्याजवळ जाऊन उभे राहिले. दाजीही काठी टेकत त्यांच्या शेजारी गेले. मी मागोमाग.

खालून आवाज आला. आधीच्या खेपेला इंजिन किंचाळत होतं; आता ते एका सुरात गुरगुरत वर येत होतं. गाडी वळणावर दिसली. चाकं दगडांवरून उडत नव्हती. दगड आला की टायर त्याच्याभोवती दबायचा, त्याला धरायचा आणि सोडून पुढं जायचा. दीक्षा पायांवर अर्धी उभी होती, अंग पुढं टाकून, आणि तिची नजर वाटेवर होती. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा तिनं आमच्याकडे बघितलं नाही. एक गुट्टी गडग्यापासून वीतभर अंतरावरून गेली. मग गाडी शेवटच्या उभ्या चढाला लागली, तिथं मला ती दिसेना, आणि नुसत्या आवाजावर माझा जीव टांगून राहिला.

वर इंजिन बंद झालं. मग सड्याच्या कडेवरून हाक आली, "मामाऽ!"

सगळी वाडी ओरडली. कुणीतरी ढोल बडवला. माझे डोळे भरून आले, आणि मी ते धुळीवर ढकलायचा प्रयत्न केला. मामा मात्र वाकले होते. चाकांनी उमटवलेल्या खुणांवर त्यांनी तळवा ठेवला. दाजीही काठीवर भार टाकून वाकले आणि त्यांनी बोटानं माती चाचपली. गुट्ट्यांची नक्षी होती, पण उकरलेलं काही नव्हतं.

"पालखीला चालंल," दाजी म्हणाले.

खाली देवळासमोर नारळ ठेवला गेला. दाजींनी देवीला गाऱ्हाणं घातलं, की ह्या लेकराच्या गाडीला वाटेत सांभाळ, आणि जमलेल्या माणसांनी 'होय महाराजा' म्हणून साथ दिली. गाऱ्हाणं संपल्यावर दीक्षा संदेशसमोर उभी राहिली. तिला बोलावं लागलंच नाही. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि विचारलं, "मी एकदा चढवू?"

मामा तोवर पिशवी उचलून निघाले होते. त्यांना एस.टी. गाठायची होती. दाजींनी चहाला थांबवायचा प्रयत्न केला, आणि आता वाडीत परत कधी येणार असं विचारलं.

"आता मी कशाला?" मामा म्हणाले. "ती हाय ना हितं."

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली, आणि पुढच्या वर्षी मामा गेल्याचं फोनवर कळलं. आज दीक्षाकडे चार गाड्या आहेत. पण मामा म्हटलं की मला ती सकाळ आठवते. मी देवळाच्या पायरीवर चहाचा पेला घेऊन बसलो होतो आणि ते खालच्या वाटेनं स्टॉपकडे चालले होते, एकटेच. मागं घाटीवर पुन्हा इंजिन सुरू झालं. ह्या खेपेला हात नवशिका होता. आवाज अडखळत, थांबत, परत उचलत वर चढत होता. मामा वाटेतच थांबले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही, नुसतं ऐकत उभे राहिले. आवाज वर पोचून बंद झाला. तेव्हा त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि ते चालू लागले.